पेठांतल्या आणि वस्त्यांवरच्या शाळा : सोलापूरच्या मुलांच्या कामाची नोंद

२०२० च्या पावसाळ्यात सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे उमटू लागले. करोनामुळे शाळांना कुलपे लागली होती आणि शिकवणे मोबाइलवर गेले होते. पण हा भाग यंत्रमागावर आणि कारखान्यांत राबणाऱ्यांचा. कित्येक घरांत स्मार्टफोन नव्हता, आणि होता तिथे तो घरातल्या कमावत्या माणसाबरोबर कामावर जायचा. तेव्हा तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरमालकांच्या संमतीने वस्तीतल्या सुमारे ३०० भिंती रंगवून घेतल्या आणि पहिलीपासून दहावीपर्यंतचा अभ्यास त्यांवर मांडला. कुठे मुळाक्षरे, कुठे पाढे, कुठे भूमितीतल्या आकृत्या, तर कुठे इंग्रजीचे व्याकरण. एका भिंतीपुढे गर्दी होऊ नये, मुले पांगलेली राहावीत, हाही त्यात विचार होता. देशभरच्या वर्तमानपत्रांनी या शिक्षकांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते.

या घटनेचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कुणी लिहिला नाही. त्या भिंतींपुढे घंटा वाजत नव्हती, हजेरी लागत नव्हती आणि परीक्षा होईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते. तरी मूल घरातून उठून, वही घेऊन गल्लीत जायचे आणि आपल्या इयत्तेची भिंत शोधायचे. त्या वर्षी सोलापुरातल्या मुलांनी केलेली ही सर्वांत मोठी कामगिरी आहे असे मी मानतो. तिला ना पदक होते ना प्रमाणपत्र, म्हणून कोणत्याही अहवालात ती ‘विद्यार्थ्यांचे यश’ या सदराखाली आली नाही.

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुले अलीकडे काय काय करीत आहेत याची ओळख करून देणे हे या लेखाचे काम आहे. ते करताना माझा आग्रह एकच आहे. मुलाने काय मिळवले एवढेच न लिहिता ते त्याने कसे केले, कोणत्या घरातून येऊन केले, हेही लिहिले पाहिजे. टक्के आणि क्रमांक लिहायला सोपे असतात. काम लिहायला वेळ लागतो आणि मुलाशी बोलावे लागते.

सोलापुरात ‘कोणत्या घरातून’ हा प्रश्न फार खरा आहे. जुन्या गिरणीचा भोंगा सुरू झाला १८७७ च्या सुमारास, आणि त्यानंतर हे शहर कामाच्या शोधात आलेल्यांचे झाले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात वसले. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे कन्नड तर इथली घरचीच. दखनी बोलणारी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांतून शाळा भरतात, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पूर्व भागातले एखादे मूल घरात आईशी तेलुगू बोलते, गल्लीत मराठी-कानडी मिसळून खेळते, शाळेत मराठीतून शिकते आणि विज्ञानाच्या तासाला इंग्रजी संज्ञा पाठ करते. बाकी राज्यात ज्याला आपण भाषेची अडचण म्हणतो, ते या मुलाचे रोजचे कसब आहे. वक्तृत्व स्पर्धेत ते मूल मराठीतून बोलून तिसरे येते तेव्हा त्या तिसऱ्या क्रमांकाच्या मागे चार भाषांतला प्रवास असतो. निकालपत्रात फक्त ‘तृतीय’ असते.

घराची दुसरी बाजू कामाची. विडी वळणाऱ्या बाया सोलापुरात हजारोंनी आहेत. कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत ही त्यांच्याच घरांची. विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेली १०,००० घरे, ज्यांचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले. पलीकडे रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. घर मिळाले म्हणजे मुलाला अभ्यासाला एक कोपरा मिळाला. दहा बाय दहाच्या खोलीत विडीचा पत्ता कापणे, विड्या वळणे, स्वयंपाक आणि झोपणे सगळे जिथे होते, तिथल्या आठवीतल्या मुलीने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली तर ती कोणत्या वेळी आणि कुठे बसून अभ्यास करत होती हे विचारायलाच हवे. उत्तर बहुधा एकच येते, पहाटे.

या परीक्षांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या वाचकाला त्यांचे मोल चटकन कळत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुले तिला बसतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपयांची आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या, प्रत्येकी ९० गुणांच्या. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला हजार. चांगल्या पगाराच्या घरात ही रक्कम नजरेत भरणार नाही. पण नववीनंतर मुलीला शाळेतून काढून शिलाईला बसवायचे की पुढे शिकवायचे, असा विचार जिथे चालू असतो, तिथे ‘तिची शिष्यवृत्ती येतेय’ हे वाक्य वादाचा निकाल लावते. चार वर्षे तिला शाळेत टिकवून धरणारे हे हजार रुपये आहेत. म्हणूनच या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत जादा तास घेणाऱ्या शिक्षकांविषयी मला फार आदर वाटतो. आणि त्या तासांना भाकरी बांधून येणाऱ्या मुलांविषयी त्याहून अधिक.

एक खंतही इथेच नोंदवतो. निकाल लागला की चौकात फलक लागतो. त्यावर मुलांचे छायाचित्र बोटाच्या नखाएवढे आणि पुढाऱ्यांची छायाचित्रे हातभर. हे बदलले पाहिजे. फलक मुलांचा असेल तर त्यावर मुलेच दिसावीत. आणि दोन-चार गुणांनी जे राहिले, त्यांनीही वर्षभर तोच अभ्यास केलेला असतो, त्यांना शाळेने निदान परिपाठात उभे करून शाबासकी द्यावी.

सोलापूर जिल्ह्याच्या शाळांची चर्चा परितेवाडीशिवाय पुरी होत नाही. माढा तालुक्यातल्या या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून कविता ऐकता येईल, धडा पाहता येईल अशी सोय त्यांनी आपल्या वर्गापुरती केली. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले, आणि आज बालभारतीच्या पुस्तकाच्या पानावर तो काळा-पांढरा चौकोन असणे इतके सवयीचे झाले आहे की त्याची सुरुवात एका वाडीत झाली हे मुलांना सांगावे लागते. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्यांनी ठरवले. पुरस्काराची बातमी सर्वांना ठाऊक आहे, तिच्यावर अधिक लिहीत नाही. मला त्यातली मुलांची बाजू महत्त्वाची वाटते. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा ताणलेल्या सीमांपलीकडच्या मुलांना आपसांत बोलायला लावणारा त्यांचा उपक्रम होता. ज्या देशाचे नाव बातम्यांत फक्त भांडणासोबत ऐकू येते, त्या देशातल्या मुलाला ‘तुझ्या शाळेत मधली सुट्टी किती वाजता होते?’ असे विचारता येणे, ही इतिहास-भूगोलाच्या पुस्तकाने न दिलेली गोष्ट आहे.

आता अशा एका उपक्रमाकडे वळतो ज्याला कोणताही पुरस्कार नाही आणि जो मला सर्वांत आवडतो. बालबाजार. जिल्ह्यातल्या पुष्कळ प्राथमिक शाळांत वर्षातून एकदा मैदानावर आठवडी बाजार भरतो आणि विक्रेते असतात पहिली ते सातवीची मुले. घरच्या वाफ्यातली मेथीची जुडी, शेवग्याच्या शेंगा, बोरे, चिंचा, आईने करून दिलेली शेंगाचटणी, भेळ, ताक. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथे हटकून असते आणि हटकून लवकर संपते. शिक्षक, पालक, गावातली माणसे गिऱ्हाईक म्हणून येतात. या बाजारात जे घडते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. वर्गात वजाबाकीत हातचा विसरणारा मुलगा पन्नासच्या नोटेतून सतरा रुपये कापून घेताना चुकत नाही, कारण चुकले तर नुकसान त्याचे. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी ‘घ्या की काकू, ताजी आहे’ म्हणून हाक मारते. भाव पाडून मागणाऱ्या मोठ्या माणसाला कसे थोपवायचे, शेवटच्या दोन जुड्या सुकायच्या आधी किती कमी भावात द्यायच्या, शेजारच्या मित्राकडेही तीच भाजी असेल तर काय करायचे, हे निर्णय तासाभरात एकट्याने घ्यायचे असतात. बाजार उठल्यावर हिशेब होतो. भांडवल किती, विक्री किती, नफा किती, माल किती उरला. काही शाळा इथे थांबतात. ज्या शाळा पुढे जाऊन मुलांना दुसऱ्या दिवशी तो अनुभव लिहायला लावतात, त्यांनी खरे काम केले असे मी म्हणेन. ‘माझी बोरे विकली गेली नाहीत कारण मी सावलीत बसलो आणि लोक उन्हाच्या बाजूने जात होते’ अशा प्रकारचे एक वाक्य मुलाने स्वतःहून लिहिले तर ते दहा पानांच्या निबंधाहून मोलाचे.

याच जातीचे दुसरे काम परसबागेचे. शाळेच्या पोषण आहारातल्या भाजीसाठी मुलांनी शाळेच्या आवारातच वाफे करायचे. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही सोपी गोष्ट नव्हे. हात धुतलेले पाणी चर खणून वाफ्याकडे वळवणे, सुट्टीत पाळ्या लावून पाणी घालणे, शेळ्यांपासून कुंपण सांभाळणे हे सगळे मुले करतात. पालकाच्या भाजीची पहिली कापणी आमटीत पडते त्या दिवशी ताटे धुऊन पुसून निघतात.

विज्ञानाच्या बाबतीत ‘इन्स्पायर-मानक’ या केंद्राच्या योजनेचा उल्लेख करायला हवा. मुलाने फक्त कल्पना मांडायची. निवड झाली तर ती प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये थेट त्याच्या खात्यात येतात, आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी प्रदर्शने. बाजारातून आणलेला तयार ज्वालामुखी मांडण्याचे दिवस अजून पुरते गेलेले नाहीत, पण आता मुलांचे डोळे घराकडे वळावेत. विडी वळताना तासन्‌तास वाकून बसणाऱ्या आईची मान, मागाच्या खटखटाटात बहिरे होत जाणारे वडिलांचे कान, ऊस भरताना घसरणारा पाय, टॉवेलच्या रंगाईनंतर नाल्यात जाणारे पाणी, असे प्रश्न सोलापूरच्या मुलाइतके जवळून कुणी पाहिलेले नाहीत. त्यांवर त्याने केलेला वेडावाकडा प्रयोगही मला चकचकीत प्रतिकृतीपेक्षा हवा आहे. घराबाहेर पाहायचे तर शहराच्या उत्तरेला नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. आपण ज्याला पडीक माळ म्हणतो तिथे काळवीट, लांडगे, धाविक यांचे संसार असतात, हे मुलाला दुर्बिणीतून एकदा दाखवले की ‘पडीक’ ही नोंद त्याला खटकू लागते. माळढोक पक्षी दिसणे आता अतिशय दुर्मीळ झाले आहे. तो का दिसेनासा झाला याची चौकशी गावातल्या म्हाताऱ्यांकडे करून मुलांनी टिपणे काढली, तर तो उत्तम शालेय प्रकल्प होईल.

खेळांबद्दल बोलताना मी आधी मिरे गावाचे नाव घेईन. माळशिरस तालुक्यातल्या या गावची किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक करायची. पुढे क्रिकेटकडे वळली, नागालँडकडून खेळली आणि २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली. सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि त्याने शतकही केले. ही दोन्ही नावे आमच्या मुलांच्या तोंडी आहेत. पण किरणचे उदाहरण शाळांना अधिक शिकवणारे आहे. भाला फेकणाऱ्या खांद्याची ताकद पुढे षटकार मारण्यात कामी आली, म्हणजे शाळेच्या मैदानावर कोणताही खेळ वाया जात नाही. आठवी-नववीत आल्यावर मुलींना मैदानातून घरी पाठवणारे पालक अजून भेटतात. त्यांना समजावायला क्रीडाशिक्षकांच्या हाती आता जिल्ह्यातलेच एक नाव आहे. लेझीमबद्दल वेगळे सांगायला नको. शिवजयंती आणि गणेशोत्सवातल्या मिरवणुकांमुळे सोलापूरच्या पोराच्या पायात तो ताल शाळेत येण्याआधीच असतो. शाळांनी मुलींची पथके उभी केली, ही त्यात अलीकडची चांगली भर.

आषाढात जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या शाळांचे रूप बदलते. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करीत वाखरीला पोचते. तुकोबांची पालखी अकलूजच्या वाटेने येते. वाटेवरच्या शाळांच्या वर्गांत दिंड्या मुक्कामाला उतरतात. मुले आधी वर्ग झाडून देतात, पाणी भरतात, आणि पालखी पुढे गेल्यावर मैदानातल्या पत्रावळ्या, कागद वेचतात. या कामाला सेवा म्हणा, श्रमदान म्हणा. मुलांच्या वर्षभराच्या नोंदीत ते आलेच पाहिजे.

आता जे या नोंदीतून नेहमी सुटते त्याबद्दल. ऊस आणि साखर कारखान्यांत सोलापूर राज्यात अग्रभागी आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात, आणि आपल्या जिल्ह्यातूनही कोयते बाहेर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे निघावेच लागते, आणि पोरे मागे ठेवायला घरात कुणी नसले तर तीही फडावर येतात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, एका शाळेतून दुसरीत जाताना द्यायचे शिक्षण हमी पत्रक असे उपाय झाले, काही ठिकाणी ते मनापासून राबवले गेले. तरी पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली दहा वर्षांची मुलगी आजही दिसते. गावाकडच्या शाळेच्या पटावर ती असते, फडाजवळच्या शाळेत ती पाहुणी असते, आणि कौतुकाच्या यादीत ती कुठेच नसते. सहा महिन्यांत दोन शाळा, दोन शिक्षक, दोन वेगळ्या ठिकाणी पोचलेला अभ्यासक्रम, आणि तरीही एप्रिलमध्ये परत येऊन ती वर्गात बसते आणि वाचून दाखवते, हे यश कोणत्या क्रमांकाने मोजायचे? माझ्या मते शाळेच्या वार्षिक नोंदीचे पहिले पान तिला द्यावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, तिला बोलते करणारा एक शिक्षक लागतो.

म्हणून या प्रकारच्या नोंदी करणाऱ्या शाळांना काही सूचना करतो. मजकूर मुलांनी लिहावा, शिक्षकांनी तो सुबक करू नये. शुद्धलेखन जरूर तपासावे, पण ‘आम्ही पंप बसवला पण पाणी आलंच नाही, मग सरांनी बघितलं तर नळी उलटी लावली होती’ असे कुणी लिहिले तर ते तसेच राहू द्यावे. घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत लिहायचे असेल तर तेही छापावे आणि खाली मराठी मजकूर त्यानेच करून द्यावा. एकट्याचे नाव घालण्याआधी त्या कामात आणखी कुणाचे हात होते ते विचारावे. प्रयोगाची पेटी डोक्यावर घेऊन बसथांब्यापर्यंत गेलेला मित्र, रात्रीतून वेशभूषा शिवून देणारी आई, मैदानाच्या कडेला पाणी घेऊन उभी असलेली राखीव खेळाडू, यांची नावे आली पाहिजेत. अशा नोंदी जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून याव्यात. शहरातल्या मोठ्या प्रशालांकडे लिहिणारे हात पुष्कळ आहेत. दोन शिक्षकी शाळांकडून मागून घ्यावे लागेल, प्रसंगी तिथे जाऊन मुलांशेजारी बसून लिहून घ्यावे लागेल. जूनमध्ये शाळा भरली की प्रत्येक वर्गाने एक जाडसर वही यासाठी घालावी आणि ती वर्गातल्याच कोणा दोघांच्या ताब्यात द्यावी. दर शनिवारी शेवटच्या तासाला आठवड्यातले एक काम त्यात उतरवायचे, तारखेसह, आणि पुढच्या शनिवारी वही दुसऱ्या जोडीकडे द्यायची.